तळवड्यातल्या झोपाळू सर्व्हरचं प्रकरण

निरंजन काळोखे यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली तीन ओळी होत्या. पहिली 'गुप्तहेर', दुसरी 'गुन्हा कोणताही असो' आणि तिसरी 'घरपोच सेवा'. गुप्तहेरानं आपला धंदा असा छापून वाटावा का, असं ज्योतीरामनं एकदा भीत भीत विचारलं होतं. त्यावर काळोखे म्हणाले की खऱ्या गुप्तहेराला लपावं लागत नाही, कारण त्याच्याकडे पाहून लोकांना तो गुप्तहेर वाटतच नाही. या एका बाबतीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

स्वतःविषयी काळोखे मोजकंच बोलत, म्हणजे पाऊण तासात आवरत. आईवडिलांनी नाव निरंजन ठेवलं आणि आडनाव काळोखे दिलं, तिथंच आपलं आयुष्यातलं काम ठरलं, असं ते सांगत. अंधारात दिवा. मेंदू, नाक आणि उजवा डोळा ही आपली तीन हत्यारं. डाव्या डोळ्याचं काय, असं कुणी विचारलं तर तो राखीव आहे म्हणत.

पूर्वी ते चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा सुपरवायझर होते. पंधरा वर्षं त्यांनी घरी जाणाऱ्या कामगारांच्या पिशव्या तपासल्या आणि त्यातून मनुष्यस्वभाव जाणून घेतला. तेवढ्या काळात एकच चोरी पकडली, आणि ती पिशवी मॅनेजरच्या बायकोची निघाली. त्यानंतर त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्याच गेटवर ज्योतीराम त्यांच्या हाताखाली गार्ड होता. परभणीकडचा, पंचेचाळिशीचा, शांत माणूस. साहेब निघाले तसा तोही निघाला. का निघालो, हे त्याला अजून नीट सांगता येत नव्हतं.

अशा या दोघांना तळवड्याच्या रणजीतशेठनं बोलावलं. शेठचा कारखाना गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्यांचा. माल रोज ट्रकनं चाकणला जायचा. शेठ माणूस वाईट नव्हता, पण खर्च या शब्दानं त्याचं पोट दुखायचं. ऑफिसात बत्तीस टेबलं होती आणि टेबलागणिक एकेक जुना, घरघरणारा कॉम्प्युटर. सगळे मिळून इतकी वीज खायचे आणि इतके तापायचे की उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या. तीन महिन्यांपूर्वी मैत्री नावाची मुलगी कॉम्प्युटरचं बघायला नोकरीवर लागली. तिनं शेठला हिशोब मांडून दाखवला की बत्तीस ठिकाणी बत्तीस मेंदू कशाला पोसायचे? एक तगडा सर्व्हर घ्यायचा, सगळं काम त्याच्यात ठेवायचं आणि टेबलावर साबणदाणीएवढी एकेक डबी. डबीला डोकं नसतं, ती नुसती सर्व्हरचं चित्र पडद्यावर दाखवते. तिला थिन क्लायंट म्हणतात. शेठनं जुने कॉम्प्युटर भंगारात दिले, विजेचं बिल निम्म्यावर आलं आणि शेठ आठवडाभर स्वतःशीच हसत होता.

मग सर्व्हर झोपायला लागला. रोज सकाळी पावणेबाराच्या सुमाराला बत्तीसच्या बत्तीस पडदे काळे व्हायचे. मालाचं चलन निघेना, गेटपास निघेना, भरलेले ट्रक आवारात उभे. सव्वाएकच्या सुमाराला सर्व्हर आपोआप शुद्धीवर यायचा आणि संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखा चालायचा. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा दुपारी तीनला, आणि सगळं ठीक आहे असं लिहून गेला. तिसऱ्या फेरीचे त्यानं जे पैसे सांगितले, त्यापेक्षा काळोखे स्वस्त होते.

"शनिवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक," शेठनं दोघांसमोरच मैत्रीला सांगितलं. "नाहीतर मी जुनी पद्धत परत आणतो. मग तुमचं इथं काम उरत नाही. सोमवारपासून येऊ नका."

मैत्री नुसती हो म्हणाली. ती दिघीहून दोन बस बदलून यायची, आणि घरात पगार आणणारी तेवढी एकच होती, हे ज्योतीरामला नंतर चहा पिताना कळलं. त्या दिवसापासून त्याला हे प्रकरण आपल्याच घरातलं वाटू लागलं.

तपास मंगळवारी सुरू झाला. दारात इंदुताई भेटल्या. त्या डिस्पॅचला बावीस वर्षं होत्या, आणि ऑफिसातलं पानही त्यांना विचारून हलायचं. त्यांनी काळोख्यांच्या हातातला चार कप्प्यांचा डबा "द्या इकडे" म्हणून काढून घेतला आणि पँट्रीत नेला. काळोखे थेट सर्व्हरच्या खोलीत शिरले. एसी अठरावर होता. त्यांनी खिशातून कानटोपी काढून घातली.

मैत्रीनं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. सर्व्हर तापून बंद पडतोय. पण खोली एवढी गार असताना तो तापतो कशानं, ते कळत नाही. तिनं सर्व्हरच्या कपाटात तापमापक लावून त्याचा आकडा बाहेर दिसेल असा ठेवला होता. कपाटाच्या मागं भिंतीला जाळी होती, गरम हवा तिच्यातून पलीकडे जावी म्हणून. काळोख्यांनी भिंग घेऊन कपाटात मुंडी घातली आणि जाळीतून बराच वेळ पाहिलं.

"लिही, ज्योतीराम. जाळीपलीकडे मिट्ट अंधार. संशयास्पद. पुढे लिही, पहिला संशयित, थिन क्लायंट. बारीक अंगकाठीचा गिऱ्हाईक."

ज्योतीरामनं ते लिहिलं आणि मैत्रीकडे पाहायचं टाळलं.

त्या दिवशी सर्व्हर पावणेबाराऐवजी अकरालाच झोपला. काळोखे खूश झाले. आपल्या आगमनानं गुन्हेगार बिथरला आहे, असं त्यांनी शेठला सांगितलं. मग दीडला त्यांनी डबा उघडला तर वांग्याची भाजी वाफाळलेली. गेली कित्येक वर्षं कामावर गार जेवणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. या ऑफिसात काहीतरी चांगलं आहे, असं ते म्हणाले आणि जेवणानंतर वीस मिनिटं डोळे मिटून विचार करत बसले. विचाराचा आवाज पँट्रीपर्यंत ऐकू येत होता.

बुधवारी त्यांचा सिद्धांत असा होता की दिघीच्या लष्करी हद्दीतून अदृश्य लहरी निघतात आणि बरोबर पावणेबाराला तळवड्यावरून जातात. दोघं मोटारसायकलवरून दिघीला गेले. काळोखे भिंतीला कान लावून उभे राहिले. चारच मिनिटांत एक जवान आला आणि त्यानं फार सभ्यपणे त्यांना हिंदीत निघून जायला सांगितलं. काळोख्यांनी कार्ड दिलं. जवानानं ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि घरपोच सेवेत काय काय मिळतं, असं विचारलं.

गुरुवारी कारखान्याला सुटी. पण ज्योतीराम घरी बसून मैत्रीनं दिलेली यादी पाहत राहिला. गेल्या तीन आठवड्यांत सर्व्हर कधी कधी बंद पडला त्याची यादी. त्यात फक्त दोन दिवस मोकळे होते. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरशी ते ताडून पाहिले. एक संकष्टी, दुसरी एकादशी. यात काहीतरी आहे हे त्याला कळलं, पण काय आहे ते कळेना. शुक्रवारी त्यानं ते साहेबांना सांगितलं, आणि सांगितल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला.

"गुन्हेगार भाविक आहे," काळोखे म्हणाले. "उपवासाच्या दिवशी पाप करत नाही."

मग शुक्रवारभर ऑफिसातल्या उपवास करणाऱ्या माणसांची उलटतपासणी झाली. ते सोळा निघाले. साबुदाण्याची खिचडी आवडते का, दाण्याचं कूट कोण किती घालतं, चंद्रोदयापर्यंत मनात कोणते विचार येतात, असं सगळं विचारून झालं. अकाउंट्सचे सदाशिवराव घाबरून म्हणाले की आपण एकादशीला चुकून एकदा कांदा खाल्ला होता. काळोख्यांनी तो कबुलीजबाब म्हणून नोंदवला. हे चालू असताना मधेच, साडेदहालाच, पडदे काळे झाले. गुन्हेगार दिवसेंदिवस धीट होत होता.

मैत्री रोज पडदे गेल्यापासून सर्व्हरच्या खोलीत गारठून बसायची आणि दोनच्या पुढे एकटीच टेबलाशी डबा खायची. कुणी तिच्याशी फारसं बोलत नव्हतं. जुने कॉम्प्युटर तिच्यामुळे गेले आणि कामं तिच्यामुळे अडली, असंच सगळे धरून चालले होते. शुक्रवारी संध्याकाळी ज्योतीरामला ती बस थांब्यावर दिसली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आपल्या साहेबांच्या कर्तबगारीकडे पाहता धीर द्यावा असं त्याच्याजवळ काही नव्हतं.

शनिवारी साडेबाराला काळोख्यांनी सगळ्या ऑफिसला हॉलमध्ये जमवलं. शेठ खुर्चीवर, बाकीचे उभे, बत्तीस पडदे काळे. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. काळोख्यांनी कानटोपी काढली, घडी केली आणि पंधरा मिनिटं दिवा आणि अंधार या विषयावर बोलले. मग मुद्द्यावर आले. सर्व्हरच्या खोलीची किल्ली एकाच व्यक्तीकडे आहे. सर्व्हर बंद पडला की धावून जाणारी व्यक्तीही तीच. आजार नसेल तर वैद्याला कोण विचारतो? स्वतःची गरज भासत राहावी म्हणून ही व्यक्ती रोज आपल्या हातानं सर्व्हर बंद करते. आणि त्यांनी बोट मैत्रीकडे केलं.

मैत्री पांढरी पडली. शेठ तिच्याकडे पाहत राहिला. अकाउंट्सकडून कुजबुज सुरू झाली आणि वाढत गेली.

ज्योतीरामनं गेटवरच्या पंधरा वर्षांत आणि नंतरही साहेबांचं वाक्य कधी मधेच तोडलं नव्हतं. आज त्याचे पाय आपोआप पुढे झाले.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "ही पोरगी असलं काही करायली न्हाई. चार दिवस बघायलोय मी तिला. आपल्याला सापडंना गेलंय, तर सापडंना म्हणू. तिच्या माथी नका मारू."

काळोखे थक्क होऊन त्याच्याकडे पाहू लागले. आपली ही नोकरीही आता गेली असं ज्योतीरामला वाटलं. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला.

"तुमचं चालू द्या," इंदुताई म्हणाल्या. "मी तेवढे डबे काढते. जास्त वेळ राहिले की चपात्या वातड होतात."

त्या पँट्रीत गेल्या. डबे ओट्यावर ठेवल्याचे आवाज येऊ लागले. एक, दोन, पाच, दहा. ते संपेचनात. आवाज सर्व्हरच्या भिंतीकडून येतोय हे सगळ्यात आधी मैत्रीच्या लक्षात आलं. ती पळत सर्व्हरच्या खोलीत गेली आणि कपाटावरच्या आकड्याकडे बघत ओरडून सांगू लागली. अठ्ठावन्न. पंचावन्न. एकावन्न. मग ती तशीच पँट्रीत धावली आणि तिच्यामागून सगळं ऑफिस.

पँट्रीच्या भिंतीला, बरोबर जाळीसमोर, एक लांब फळी होती. फळीवर सत्तावीसपैकी अजून आठ डबे उरले होते आणि त्यांच्या फटींतून गरम वारा येत होता. मधोमध, जाळीला टेकून, काळोख्यांचा चार कप्प्यांचा डबा होता.

"हे रोज इथं असतात?" मैत्रीनं विचारलं.

"मग कुठं ठेवायचे, बाई?" इंदुताई म्हणाल्या. "आधी जो तो आपापल्या कॉम्प्युटरवर ठेवायचा. जेवायच्या वेळेपर्यंत मस्त गरम राहायचं. तुझ्या त्या डब्या थंडगार. मग कळलं की सगळी ऊब हिकडून येतीय, म्हणून सगळ्यांचे इथंच मांडते. नऊला मांडते, एकला काढते."

"आणि संकष्टीला?" ज्योतीरामनं विचारलं.

"उपवासाला निम्म्या ऑफिसचा डबा नसतो, केळी आणि चिवडा असतो. केळी कोण गरम करतं?"

बत्तीस टेबलांवरचं काम मैत्रीनं एका जागी आणलं होतं, आणि इंदुताईंनी बत्तीस टेबलांवरचं जेवण. आपापल्या जागी दोघींचंही बरोबर होतं. फक्त मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्यामुळे दोघींची कधी गाठ पडली नव्हती. मैत्री पँट्रीत डबा धुवायला यायची तेव्हा फळी रिकामी असायची. शेठनं काळोख्यांचा डबा उचलून वजनाचा अंदाज घेतला, मंगळवारपासून सर्व्हर लवकर का झोपायला लागला ते त्याला कळलं, आणि त्यानं तो डबा काळोख्यांच्या हातात दिला.

हॉलमधून एकदम आवाज आला. पडदे उजळले होते. सदाशिवराव पहिलं चलन काढायला धावले.

काळोखे क्षणभरही डगमगले नाहीत. सगळ्यांना बरोबर एक वाजेपर्यंत बोलण्यात गुंतवून इंदुताईंना उठायला भाग पाडायचं, हाच आपला सापळा होता, असं त्यांनी जाहीर केलं. मग ते खुर्चीवर बसले, डबा उघडला आणि खाता खाता अहवाल सांगू लागले. गुन्हेगार सत्तावीस, सर्व जागीच पकडले. मुद्देमाल दुपारी एक ते दीडच्या दरम्यान खाण्यात आला. तपास, निरंजन काळोखे. ज्योतीरामनं सांगितलं तसं सगळं लिहून घेतलं. मग साहेबांचं लक्ष भेंडीत आहे असं पाहून त्यानं खाली आपल्या मनानं दोन ओळी लिहिल्या. बिघाडाचं कारण इंदुताईंमुळे सापडलं. मैत्रीची यात काहीही चूक नाही.

तो कागद त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, कारण आरोपही सगळ्यांसमोरच झाला होता, आणि मग सहीसाठी शेठपुढे ठेवला. शेठनं पूर्ण वाचून सही केली. मैत्रीकडे न पाहता त्यानं विचारलं की डबे गरम करायची पेटी किती वीज खाते. सर्व्हर रोज दोन तास बंद राहतो त्यापेक्षा कितीतरी कमी, असं ती म्हणाली. शेठनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं की मैत्री यांना नोकरीत कायम करण्यात येत आहे. नवा कागद त्यानं काढला नाही.