राणीमाशीचा दुसरा मजला

श्यामराव गच्चीवरून खाली आले ते तोंडावरची जाळी न काढताच, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "उल्का, राणीला जागा पुरत नाहीये."

"राणीला जागा पुरत नाही आणि मला ओटा पुरत नाही," उल्काताई पोळी उलटत म्हणाल्या. "दोघींपैकी तुमचं लक्ष कुणाकडे आहे ते दिसतंच आहे. आधी ती जाळी काढा. मघाशी दूधवाला घाबरून पिशवी दारातच टाकून पळाला."

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर श्यामरावांनी मधमाश्या पाळायला घेतल्या होत्या. सुरुची सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्यांची पेटी होती, रीतसर परवानगीची. फाल्गुन लागला, शहरातली झाडं फुलली आणि राणीमाशी अंडी घालत सुटली. पेटीतल्या पोळ्याच्या सगळ्या चौकटी पिल्लांनी भरल्या. आता तर चौकटींच्या खालच्या कडेला माश्यांनी नव्या राणीसाठी शेंगदाण्याच्या शेंगेएवढी घरं बांधायला घेतली होती. याचा अर्थ एकच होता. पेटीवर दुसरी पेटी चढवून जागा दिली नाही, तर जुनी राणी निम्मं घर बरोबर घेऊन उडून जाणार.

"मग चढवा की. दुसरी पेटी माळ्यावर लोळतेय दिवाळीपासून."

"नियम आहे ना."

गच्चीवर किंवा बाल्कनीत कोणतंही वाढीव बांधकाम, मग ते कशाचंही असो, सभेच्या मंजुरीशिवाय करायचं नाही, हा तो नियम. श्यामराव सेक्रेटरी असताना त्यांनीच तो करून घेतला होता, आणि 'मग ते कशाचंही असो' ही भर तर खास त्यांची. त्या वर्षी उल्काताईंनी स्वयंपाकघराची बाल्कनी काचा लावून आत घ्यायचा धोशा लावला होता. बायकोला नाही म्हणण्यापेक्षा सबंध सोसायटीला नाही म्हणणं श्यामरावांना सोपं वाटलं होतं.

ते पहिल्या मजल्यावर चेअरमन दत्तप्रसाद यांच्याकडे गेले. आत कुठंतरी ड्रिल मशीन चालू होतं. दत्तप्रसादांनी बाहेर येऊन दार मागं ओढून घेतलं आणि सगळं शांतपणे ऐकलं.

"पेटीवर पेटी म्हणजे मजला झाला, श्यामराव."

"अहो, हातभर लांबीची लाकडी पेटी आहे!"

"मजला लहान असतो, मोठा असतो. असतो मजलाच. 'कशाचंही असो' हे शब्द कुणाचे?"

"माझे."

"मग झालं तर. सभा बोलावतो."

"माश्या सभेपर्यंत थांबायच्या नाहीत हो."

"का? आपली लिफ्ट थांबलीच आहे की गेल्या तीन सभा."

पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. दुसरीला चहा आहे असं कळल्यावर माणसं जमली, पण प्रश्न पेटीवरून रीडेव्हलपमेंटवर गेला. पुण्यातल्या सोसायटीत कुठलाही प्रश्न शेवटी तिथंच जातो. दुसऱ्या मजल्यावरच्या आनंदीबाई म्हणाल्या, "माश्यांना आत्ताच दुप्पट जागा, आणि आम्हाला बिल्डर न्हाणीघराएवढीसुद्धा जास्त द्यायला तयार नाही. हा कुठला न्याय?" कुणीतरी माश्यांकडून मेंटेनन्स घेणार का, अशी पृच्छा केली. ती गंमत होती की सूचना, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

श्यामराव उठून उभे राहिले. "अहो, घरात पिल्लं वाढली की जागा वाढवावी लागते. आणि ती आधी करायची असते. घर फुटल्यावर करून काय उपयोग?"

सगळ्यांना पटलं. म्हणून लगेच उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीला माश्यांची भीती वाटत असल्यामुळे स्थळपाहणी खालच्या पार्किंगमधून मान वर करून करावी, असंही ठरलं.

"दहा मिनिटांचं काम आहे. जा आणि ठेवून या," उल्काताई घरी आल्यावर म्हणाल्या. "कोण बघतंय?"

"नियम माझा आहे, उल्का. मीच मोडू?"

"मोडू नका. राणी जाईल तेव्हा तिला वाचून दाखवा."

रविवारी सकाळी ऊन चढलं, आणि श्यामराव जिन्यात असतानाच वरून मोठी घूंऽऽ ऐकू आली. गच्चीवर पोचेपर्यंत माश्यांचा ढग टाकीवरून निघाला होता. वर्षभर जीव लावून सांभाळलेलं घर डोळ्यांदेखत फुटत होतं. ढगानं आवारातल्या नारळाच्या झाडाभोवती एक फेरी मारली, मग तो इमारतीच्या मागच्या बाजूला वळला आणि दिसेनासा झाला. पाठोपाठ खालून दत्तप्रसादांचा आवाज आला.

"श्यामराऽव! तुमच्या त्या... तुमच्या त्या आमच्याकडे आल्यात!"

श्यामराव जाळी चढवून, कापडी पिशवी घेऊन धावले. दत्तप्रसादांनी एरवी फटीएवढं उघडणारं दार आज सताड उघडलं. मागच्या बाल्कनीत जायला म्हणून श्यामराव वळले, तर बाल्कनीच नव्हती. तिच्या जागी चांगली खोली होती. सरकत्या काचा, प्लायवूडची कपाटं, पंखा, आणि मधोमध नवाकोरा पाळणा. पाळण्याच्या बुडाला फणसाएवढा माश्यांचा घोस लोंबत होता. दारात चेअरमनसाहेबांची लेक तनया उभी होती, दिवस भरत आलेली.

"काका, चावतात का हो?"

"घर सोडून निघालेल्या सहसा चावत नाहीत, बाळा. त्यांचं भांडण जागेशी असतं." मग ते दत्तप्रसादांकडे वळले. "हे कधी झालं?"

"आता काय सांगायचं तुम्हाला! लेक बाळंतपणाला आली. घरात पिल्लू येणार म्हटल्यावर जागा नको का? आणि ती आधीच करायला लागते, ऐन वेळी कुठून..." दत्तप्रसाद मध्येच थांबले. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

श्यामरावांनी काचांकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं.

"काढतो मी यांना," ते सावकाश म्हणाले. "पण नेऊ कुठं? जुन्या पेटीत मावत नाहीत. वर मजला चढवायचा तर उपसमिती..."

"चढवा हो! दोन चढवा! सभेचं मी बघतो!"

श्यामरावांनी घोस अलगद पिशवीत झटकला. गच्चीवर नेऊन नव्या राणीची अर्धवट घरं काढून टाकली, दुसरी पेटी वर चढवली आणि पिशवी आत रिकामी केली. संध्याकाळी माश्या रोजच्यासारख्या दारातून ये-जा करू लागल्या, तेव्हाच श्यामराव खाली उतरले.

पुढची सभा गच्च भरली. बाल्कनीची बातमी तोवर सगळ्या मजल्यांवर पोचली होती. दत्तप्रसादांनी स्वतःच ठराव मांडला, की पिल्लांसाठी लागणारी जागा बांधकाम धरू नये. आपली चढवलेली पेटी पुढेमागे कुणी काढायला लावू नये, म्हणून श्यामराव जुन्या सवयीनं उठले आणि म्हणाले, "'मग ती कुणाचीही असोत' एवढं त्यात घाला." ठराव एकमतानं मंजूर झाला. सुरुची सोसायटीत एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी ते गच्चीवरून खुशीत खाली आले. राणीनं वरच्या मजल्यावर अंडी घालायला सुरुवात केली होती. ती बातमी सांगायला ते स्वयंपाकघरात शिरले, तर एक माणूस बाल्कनीत टेप लावून मापं घेत होता.

"हे काय चाललंय?"

"बाल्कनी आत घेतेय," उल्काताई म्हणाल्या.

"अगं, पण ठराव पिल्लांसाठी आहे!"

"पिल्लांसाठीच. मांजरीला व्हायचीत."

"आपल्याकडे मांजर कुठाय?"

"आणू की. जागा आधी करायची असते ना? तुम्हीच सांगितलंत सभेत."

श्यामरावांनी कपाळावर सरकवलेली जाळी पुन्हा तोंडावर ओढून घेतली.