तीन सेंटांची लक्ष्मी

जर्मनीत माणसाला खरी प्रतिष्ठा नोकरी देत नाही, पासपोर्ट देत नाही. ती फक्त फेरायन देतो, असं गौरांग दाभाडकरचं ठाम मत होतं. फेरायन म्हणजे रीतसर नोंदणी झालेलं मंडळ. वोल्फ्सबुर्गमध्ये अकरा वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासूनही त्याला एकाही मंडळाने आत घेतलं नव्हतं. गायन मंडळाने तर एक ओळ ऐकूनच नमस्कार केला होता!

आता जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळात त्याने अर्ज टाकला होता. अध्यक्ष हेर क्राउझे आणि खजिनदार फ्राऊ ब्रांट संग्रह बघून निकाल देणार होते. संग्रहाची शान म्हणजे अमेरिकेची तीन सेंटांची कागदी नोट. तिथल्या यादवी युद्धात लोकांनी नाणी दडवली, तेव्हा सरकारने छापलेली. आकार बसच्या तिकिटाएवढा, किंमत दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढी.

पाहुणे आले ते नेमके लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. गौरांगने ऐटीत अल्बम उघडला. आत नुसतं प्लॅस्टिक!

"कौमुदी! नोट कुठंय?"

"आईला विचार," बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

सासूबाई ताम्हण घेऊन बाहेर आल्या. "अहो जावईबापू, कार्डावर जगता तुम्ही! पूजेला घरात एक नोट सापडेना. शेवटी ही मिळाली. मळकी होती, ओल्या फडक्याने पुसून घेतली."

ताम्हणात नोटेवरचे वॉशिंग्टनसाहेब हळदकुंकू लावून बोहल्यावर चढल्यासारखे बसले होते.

हेर क्राउझेंनी भिंग लावलं. "आल्झो, म्हणजे... लाल शिक्का?"

"आणि पिवळाही!" फ्राऊ ब्रांट ओरडल्या. "असा शिक्का कॅटलॉगमध्ये नाही!"

"गेनाऊ, अगदी बरोबर! कुठेच नाही! मूळचाच आहे ना हा?"

खरं सांगायची हीच वेळ होती. गौरांग जर्मनमध्ये "या" म्हणाला, म्हणजे "हो".

त्या एका होकारावर फ्राऊ ब्रांटनी दोन पानं इतिवृत्त लिहिलं, चौदा फोटो काढले. शोधाला 'वोल्फ्सबुर्ग प्रकार' असं नावही पडलं.

"काय म्हणतायत हो?" सासूबाईंनी विचारलं.

"आवडलं त्यांना, आई."

"मग बाईंना तसंच पाठवायचं का? सणाचा दिवस!" आणि कोणी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फ्राऊ ब्रांटच्या कपाळाला हळदकुंकू लावलंसुद्धा!

हेर क्राउझेंनी भिंग नोटेवरून उचललं आणि खजिनदारांच्या कपाळावर धरलं. मग नोटेवर. मग पुन्हा कपाळावर.

"हेर दाभाडकर, ही नोट वाया गेली आहे."

"आणि माझा अर्ज?" गौरांगने विचारलं.

"मंजूर."

"मंजूर?!"

"हेर लेमान ऑगस्टमध्ये वारले," हेर क्राउझे भिंग पुसत म्हणाले. "तीनपेक्षा कमी सभासद असले, तर कोर्ट नोंदणी रद्द करतं. आम्ही दोघेच आहोत."