टिचबटणाची कवळी

"आता ही कवळी काढायची तर क्रेन मागवावी लागेल!" असं सोमनाथराव नाशकातल्या आपल्या अख्ख्या सोसायटीला सांगून बसले होते. आधीची खालची कवळी भलतीच उनाड. शिंक आली की ती बाहेर! म्हणून कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवले, हाड धरेपर्यंत तीन महिने थांबवलं आणि मग नवी कवळी शर्टाच्या टिचबटणासारखी त्या स्क्रूंवर टक्कन दाबली. "रोज काढून धुवायची. आणि कडक काही पुढच्या दातांनी तोडायचं नाही," बाईंनी बजावलं. पण सोमनाथराव तेव्हा आरशात बघत होते, आणि आरशात बघणाऱ्याला ऐकू जरा कमीच येतं.

त्यातच अधिक महिना आला. निफाडजवळच्या सासुरवाडीहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं! सासूबाई झुंबरबाई ऐंशीच्या, पण दात सगळे स्वतःचे. मागच्या खेपेला त्यांनी शेजारणींदेखत जावयाला भात मऊ कालवून दिला होता. ते सोमनाथरावांना अजून झोंबत होतं. "यंदा अनारसा अख्खा चावून दाखवतो की नाही बघ!" ते बायकोला, सरिताला म्हणाले.

ताट आलं. चांदीचं निरांजन, तेहतीस अनारसे, तुपाची वाटी.

"जावईबापू, कुस्करून देऊ का?" झुंबरबाईंनी विचारलं.

"छे! कवळी हाडात रोवलीय, आई!" म्हणत सोमनाथरावांनी सगळ्यात जाड अनारसा पुढच्या दातांनी कटकन तोडला. अनारसा तुटला, पण डावं टिचबटणही उघडलं! जिभेने बसवायला गेले तर मध्ये खसखस शिरली आणि उजवंही सुटलं. आता तोंड उघडलं की अब्रू ताटात! ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून ते बसून राहिले.

"ग्वाड नाय झाला का?" सासूबाई घाबरल्या. सोमनाथरावांनी मान आणखी खाली घातली.

"अगं बाई," शेजारची चिमणाबाई कुजबुजली, "जावई रुसला!"

झालं! धोंड्याला आलेला जावई रुसला म्हणजे घरावर आभाळच कोसळलं. मेहुणा संतोष धावत आत गेला. "दाजी, हे सफारीचं कापड!" सोमनाथरावांनी जोरजोरात नकाराची मान हलवली.

"कमी पडलं वाटतं," चिमणाबाई म्हणाली.

अंगठी आली. पुन्हा मान हलली. "अहो, शोभतं का या वयात?" सरिता कानाशी फणफणली. संतोषने घाम पुसत नव्या मोटारसायकलची किल्लीच ताटापुढे ठेवली. सोमनाथराव दोन्ही हात हलवायला लागले.

"दोन मागत्यात!" चिमणाबाईने सगळ्यांना समजावून सांगितलं.

तेवढ्यात झुंबरबाई हातातली पाटली उतरवायला लागल्या. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझं काय चुकलं आसंल तर पोटात घाला, बापू. पर लेकीवर राग काढू नका."

सोमनाथरावांना ते बघवेना. गेली अब्रू खड्ड्यात! "आई, नको!" ते ओरडले, आणि कवळी थेट तुपाच्या वाटीत पडली.

झुंबरबाईंनी ती बाहेर काढली, निथळवली, उलटसुलट करून पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "दातच निसटलं व्हय! अन् मी म्हणलं, माणूस निसटला!"

सोमनाथराव मोरीवर जाऊन कवळी धुऊन आले आणि टक्, टक्! बसवून मोठ्या ऐटीत पाटावर बसले.

"म्हंजे दाजी, तुम्ही रुसला नव्हता ना?" संतोषने खात्री करून घेतली.

"छे छे! मी आणि रुसेन?"

"मंग लय बरं झालं," म्हणत संतोषने किल्ली उचलून खिशात टाकली. सोमनाथरावांना आयुष्यात पहिल्यांदाच खरंखुरं रुसावंसं वाटलं.