म्हसोबाला सोडलेला बोकड

हनुमंत सबंध आयुष्यात एकच नवस बोलला, आणि तोही पायात कंपनीचे सेफ्टी शूज असताना. देवापुढं जायचं तर माणसानं निदान पायातलं काढावं. पण वेळच तशी आली होती.

कारेगावच्या एका कारखान्यात हनुमंत स्टोअरकीपर होता. नटबोल्ट, ग्रीसचे डबे आणि हातमोजे यांच्यात पंधरा वर्षं काढल्यावर एक दिवस त्याला वाटलं, आपणही मातीत हात घालावा. (हे वाटणं साधारण चाळिशीत येतं. दुर्लक्ष केलं तर आपोआप जातं, हे त्याला फार उशिरा कळलं.) त्यानं वडगाव रासाईला कालव्याच्या चारीलगत वीस गुंठे घेतले, पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या आणि नव्याण्णव सालच्या पाडव्याला बायको तानुबाई आणि शाळकरी मुलगी प्रगती यांना घेऊन तिथं राहायला आला. कामावर जायला एम-एटी गाडी होतीच.

पहिल्याच आठवड्यात सासरे आले. रखमाजींचा उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत वर यायचं, अशी पायांनी मोजलेली त्यांची जमीन. त्यांनी काठी टेकत जावयाच्या शेताला एक फेरी मारली आणि थांबले.

"आन् पुढं?"

"एवढंच आहे मामा. वीस गुंठे."

"असं व्हय." म्हातारा मान हलवत ओसरीवर टेकला. प्रत्येक वाफ्यात हनुमंतानं पुठ्ठ्याची पाटी रोवली होती. 'वांगी, लॉट नंबर तीन.' त्याकडं बघत ते म्हणाले, "जावईबापू, रान काय गेटपास बघून पीक देत न्हाई. म्या वर्सानं येतो. एक ताट वाढा मला. भाकरी, कालवण, चटणी, समदं ह्याच रानातलं. वाढलंत तर तुम्ही शेतकरी. न्हाईतर रान शेजारच्या भिमाजीला वाट्यानं द्या आन् माझी लेक कारेगावला घिऊन जा. उगं पत्र्याखाली शिजू नगा तिला."

"वाढतो मामा," हनुमंत म्हणाला. बाकी काही नको होतं त्याला. या एका माणसानं आपल्याला एकदा शेतकरी म्हणावं, बस.

जाताना रखमाजींनी पिशवीतून एक काळं करडू काढलं. "रानाला लेंडीखत लागतंय," ते म्हणाले. हनुमंताच्या साऱ्या वर्षाचं वाटोळं त्या पिशवीतून असं मान वर करून बाहेर आलं.

आठ दिवसांत करडू पलीकडच्या भिमाजी आप्पांच्या ओल्या लसूणघासात घुसलं आणि संध्याकाळपर्यंत पोट फुगून फुटबॉल झालं. पाय ताठ, डोळे पांढरे. जनावरांचे डॉक्टर कुठं तरी लग्नाला गेलेले. हनुमंत कामावरून येतो तो हे दृश्य. आधीच मनानं हळवा माणूस. तो तसाच पळत बांधावर गेला. चारीच्या कडेला एक लाल दगड होता. रानाच्या बांधावर लाल दगड म्हणजे म्हसोबा, एवढं भोसरीच्या कारखान्यांमध्ये वाढलेल्या माणसालाही माहीत असतं. हनुमंत त्याच्यापुढं आडवा पडला आणि मोठ्यानं म्हणाला, "म्हसोबा, करडू वाचव. वाचलं तर तुझ्या नावानं सोडीन!"

घरी येतो तर करडू उभं. ढेकर देत होतं.

"पावला!" हनुमंत ओरडला.

"कोन?" तानुबाई तेलाची वाटी पुसत म्हणाली.

"म्हसोबा!"

"म्या पाजलं की गोडंतेल आन् हिंग. आमच्याकडं शंभर मेंढरांना असंच पाजत्यात."

"तू पाजलंस, पण गुण कुणी दिला?"

तानुबाईनं वाटीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि आत निघून गेली. धनगराच्या लेकीला जनावराबद्दल एकदा तरी विचारावं, हे काही लग्नाला सतरा वर्षं होऊनही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडला, करडाला हळद लावली आणि दावं सोडलं. बांधावर भिमाजी आप्पा पाणी धरत उभे होते.

"देवाचा झाला म्हना की."

"हो आप्पा."

"मग त्याला आता बांधायचं न्हाई, मारायचं न्हाई, इकायचं न्हाई. ठावं हाय न्हवं?"

हे हनुमंताला ठाऊक नव्हतं. आता झालं.

देवाच्या बोकडाला गावात कुणी काठी उगारत नाही. पण त्यानं कुठं चरावं यावर गावाचं लवकरच एकमत झालं. तो कुणाच्या रानात शिरला की लोक हात जोडून त्याला हनुमंताच्या बांधापर्यंत पोचवत. "ज्येचा नवस त्येचं रान," असं म्हणत आप्पांनी स्वतः तर बाभळीचं कुंपण घातलं. हनुमंतानंही घातलं. बोकडानं ते आधी खाल्लं, मग आत आला.

आषाढात मेथी गेली. श्रावणात भोपळ्याचा वेल गेला, वर चढलेल्या सुतळीसकट. बाजरी मात्र अशी निसवली, कणसं अशी बाहेर पडली की हनुमंत रोज कामावर जाताना तिच्यापुढं एम-एटी थांबवायचा. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तो दाढी करत होता. अर्धी झाली आणि प्रगतीची हाक आली.

"पप्पा! बोकड बाजरीत!"

तोंडाला साबण तसाच. बोकड मधोमध उभा राहून एकेक कणीस निवडून खात होता. मारायची सोय नाही. हनुमंतानं हात जोडले. "देवा, बास आता. उठा."

"पप्पा, तो उभाच आहे."

"तू गप. देवा, बाहेर चला."

देवानं त्याच्याकडं बघितलं आणि गालाचा साबण चाटला.

तानुबाई मागं उभी होती. "अहो, दावं लावा त्याला. म्हसोबाला म्या सांगते काय सांगायचं ते."

"नको तानू. दिलेला शब्द आहे."

"आन् माझ्या आबांना दिलेला?"

हनुमंत उरलेली अर्धी दाढी करायला गेला. बोकडानं पुढं वांगी नेली, ज्वारी नेली, प्रगतीचं गुलाबाचं झाड नेलं. लॉट नंबरच्या पाट्याही नेल्या. शेवटी सगळ्या लागवडीचं टिपण असलेली फाईल क्लिपसकट खाल्ली. (क्लिप दोन दिवसांनी परत मिळाली. स्टोअरमध्ये याला रिटर्न मटेरियल म्हणतात.) उरली फक्त मिरची. मिरचीला तो एकदा तोंड लावून गेला होता आणि चारीवर जाऊन बराच वेळ पाणी पीत होता.

पाडवा झाला आणि त्या गुरुवारी रखमाजी आले. हात धुऊन मांडी घालून बसले. हनुमंतानं ताट पुढं ठेवलं. ताटात मधोमध हिरव्या मिरचीचा ठेचा होता. भोवती ताट होतं.

म्हाताऱ्यानं ताट जवळ ओढलं. "भाकर?"

"भाकरीचं पीठ आप्पांकडचं आहे मामा. ते मोजायचं नाही." हनुमंताला खोटं बोलणं जमत नव्हतं, आणि त्याचा आवाज आता नाकातून येत होता. "बोकडानं खाल्लं सगळं. म्हसोबाला सोडलेला. बांधता येत नाही."

"ह्या बांधाला म्हसोबा? पन्नास वर्सं म्या इथनं मेंढरं नेली. कुठं बसलाय त्यो?"

सगळे दगडाशी गेले. रखमाजींनी नमस्कार केला नाही. त्यांनी दगडाला वळसा घातला, चारीच्या अंगाला खाली उतरले आणि काठीच्या टोकानं वर्षभराचा शेंदूर खरवडला. खाली सरकारी लाल रंगात कोरलेली अक्षरं निघाली.

"बाळ, वाच गं. मला न्हाई येत."

प्रगती वाकली. "पाटबंधारे खाते. चारी क्रमांक सात."

हनुमंतानं वाकून अक्षरं स्वतः वाचली. मग तानुबाईनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडत नव्हती.

इतक्यात बोकड आला. काळाभोर, तुकतुकीत, म्हशीच्या रेडकाएवढा. रखमाजींनी त्याच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे चमकले. "जावईबापू, तुमचं पीक गेलं कुठं? समदं हितं हाय. असा बोकड माझ्या वाड्यावर कवा निपजला न्हाई. देव न्हाई तर नवस न्हाई. वाढा की आता ताट!"

हनुमंताला समजायला क्षणभर लागला. समजलं तसा तो पुढं झाला आणि बोकडाच्या गळ्यात दोन्ही हात टाकून उभा राहिला. बोकडानं शांतपणे त्याच्या शर्टाचं वरचं बटण खाल्लं.

"नाही मामा. पाहिजे तर रान द्या आप्पांना. मी जातो कारेगावला. याला कापायचं नाही."

रखमाजींनी बोकडाच्या पाठीवरचा हात काढला. मग वळले, ओसरीवर जाऊन पुन्हा मांडी घातली आणि ठेच्याबरोबर तीन भाकरी खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, कान लाल झाले होते. खाऊन झाल्यावर म्हणाले, "तानू, रान ठिवा. जनावरावर जीव हाय तुझ्या शेतकऱ्याचा."

शेतकरी! हनुमंत ताठ झाला. नवसानंतर पहिल्यांदा दावं घेऊन तो बोकडाकडं निघाला, तर समोरून भिमाजी आप्पा हातात नारळ घेऊन येत होते. मागं दोरीनं बांधलेला एक तांबडा बोकड.

"आप्पा, तो पाटबंधाऱ्याचा दगड आहे!"

"ठावं हाय की. बसवला तवा फावडं माझ्याच हातात व्हतं."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तुम्ही बुटासकट आडवं पडला, सायेब. म्हनलं शिकलेला मानूस, वाचूनच पडला असंल. आन् करडू उठलं की न्हाई? मग म्याबी नवस बोललो. म्हस अडली व्हती, मोकळी झाली. गुन आला म्हंजी देव आला. आता त्येचं देवपन काढलं तर माझी म्हस कोन बघनार?"

आप्पांनी नारळ फोडला, तांबड्याला हळद लावली, दोरी सोडली आणि त्याला हनुमंताच्या बांधाकडं वळवून मागून हलकेच ढकललं.

हनुमंताला मात्र आज कशाचीच भीती नव्हती. तो हसला. "सोडा आप्पा, खुशाल सोडा. यंदा सगळे वीस गुंठे मिरचीच लावणार आहे."

आप्पांचा चेहरा उजळला. "लई बेस केलंत. ह्यो मिरचीबिगर कशाला तोंडच लावत न्हाई."