बिननावी चिठ्ठ्या आणि माझी पारखी नजर

मी बँकेत सत्तावीस वर्षं फक्त सह्या तपासल्या. आजारी माणसाची सही, घाईतली सही, बायकोच्या धाकाने केलेली सही, सगळ्या मी चष्मा न लावता ओळखायचो. त्यामुळे आमच्या चर्चवर संकट आलं तेव्हा ते माझ्यावाचून टळणार नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. इतरांना ते पटवावं लागलं, एवढंच.

संकट असं होतं. आमची मंडळी लहान, मोजून साठ माणसं. छप्पर गळकं, मागची मोरी तुंबलेली आणि गायनाला पुढे होऊन उभं राहणारं कुणी नाही. महिनाअखेरच्या रविवारी बिशपसाहेब येऊन बघणार होते, की ही मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते का. नसेल, तर चर्चला कुलूप आणि आम्ही सगळे नदीपलीकडच्या मोठ्या मंडळीत. आमचं लग्न याच चर्चमध्ये झालं. दोन्ही मुलींचा बाप्तिस्मा इथलाच.

पाळकसाहेबांनी मग उपासनेनंतर कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने लिहायचं, मी मंडळीला काय देईन: वेळ, अंगातला एखादा हुन्नर की पैसा. त्याआधी त्यांनी पाऊण तास उपदेश केला, की दिलेल्या दानाचा गाजावाजा करू नये, आपण काय दिलं हे शेजारच्यालाही कळू देऊ नये. उपदेश इतका प्रभावी झाला, की एकाही माणसाने चिठ्ठीवर नाव लिहिलं नाही.

सोमवारी मी गेलो तेव्हा पाळकसाहेब टेबलावर एकेचाळीस चिठ्ठ्या पसरून बसले होते.

"मोरी साफ करून देणारं कुणीतरी आहे," ते हताशपणे म्हणाले. "पण बोलावू कुणाला?"

"परत विचारा सगळ्यांना."

"कसं विचारू? नाव सांगू नका म्हणून मीच तर घसा कोरडा केला."

माझी छाती फुगली. "साहेब, चिठ्ठ्या इकडे द्या. तासाभरात नावं लिहून देतो."

पहिलीच चिठ्ठी मोरीची. अक्षर मोत्यासारखं, एकेक वेलांटी कशी लयीत. "शाळेतल्या संगीताच्या बाई," मी निकाल दिला.

"बाई मोरीत उतरतील?" पाळकसाहेब दचकले.

"अक्षर खोटं बोलत नाही, साहेब. वीस वर्षं बेसूर पोरं ऐकून कंटाळल्या असतील. मोरी निदान गप्प तरी असते."

दुसरी चिठ्ठी: 'रविवारी एक गीत माझ्याकडून.' अक्षर वेडंवाकडं, कोपऱ्यात तेलकट डाग. हा उघड उघड प्लंबर. छपराची गळती शोधण्याच्या चिठ्ठीवर नुसत्या किडेमुंग्या होत्या, म्हणजे डॉक्टरी अक्षर, आणि आमच्या मंडळीत डॉक्टर एकच, दातांचे. 'पत्र्यांचा सगळा खर्च माझा' हे एवढ्याशा बारीक अक्षरात, कागद वाचवून लिहिलेलं. कागद वाचवणारा माणूस आमच्यात एकच. किराणा दुकानदार. त्याला आम्ही पाठीमागे 'पावती' म्हणतो, कारण दानपेटीत नाणं टाकलं तरी तो पावतीसाठी मागे वळून बघतो.

अशा चाळीस चिठ्ठ्या मी हातावेगळ्या केल्या. एकच उरली. तीत लिहिलं होतं: 'गीत म्हणताना जे गृहस्थ सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे आणि दीड सूर वर धावतात, त्यांना त्या वेळी दुसरं एखादं काम द्यावं. त्या बदल्यात वर्षभर दर शनिवारी चर्चची फरशी माझ्याकडे.'

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती चिठ्ठी मी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवली.

"हे आपल्या शेजारच्या बाकावरच्या मास्तरांबद्दल आहे," मी म्हणालो.

"हो का?" ती भाजी चिरत म्हणाली.

"पण लिहिणारं माणूस सापडत नाही. एक मात्र नक्की. ही व्यक्ती एकटी राहते. घरात हिचं ऐकून घेणारं कुणी नाही, म्हणून बिचारी चिठ्ठीत बोलते."

"असेल हो, असेलही तसं," ती म्हणाली आणि सुरी जरा जोरात चालवू लागली. ती चिठ्ठी मी खिशात ठेवून दिली, पुढच्या तपासासाठी.

पाळकसाहेबांची आभाराची पत्रं घरोघर गेली. तुम्ही देऊ केलेली अमुक सेवा आम्ही आनंदाने स्वीकारत आहोत, शनिवारी सकाळी यावे.

आता तुम्ही म्हणाल, ज्याने लिहिलंच नाही तो 'हे माझं नव्हे' असं सांगणार नाही का? तिथेच तर घोडं अडलं. ते सांगायचं तर आपण खरं काय लिहिलं होतं तेही सांगावं लागणार, आणि ते तर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. शिवाय प्रत्येकाला वाटलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करून आपल्यातलं काहीतरी ओळखलं असेल. त्यामुळे शनिवारी सगळे मुकाट्याने हजर.

मी आवारात पोहोचलो तर संगीताच्या बाई पदर खोचून, लांब काठी घेऊन मोरीपाशी उभ्या. आतल्या खिडकीत प्लंबर गीताचा कागद घेऊन घामाघूम.

"बाई, काठी डावीकडून घाला, तिथे वळण आहे," तो कळवळून सांगत होता.

"तू मोरीकडे बघू नकोस. सूर खाली येतोय, वर धर," बाई खालून ओरडल्या.

"बाई, डावीकडून. ती उजवी बाजू झाली."

"आणि श्वास मध्येच कशाला तोडतोस?"

दंतवैद्य शिडीवर होते. डोळे मिटून. दोन पायऱ्या चढायच्या आणि देवाला हाक मारायची, असं करत करत ते छपरावर पोहोचले. तिथे त्यांनी खिशातून बारीक हातोडी काढली आणि पत्रा न् पत्रा हलकेच ठोकून, कान लावून तपासला. "इथे कीड आहे," ते वरून म्हणाले. "मुळापर्यंत गेली आहे." मास्तर खाली शिडी धरून उभे होते आणि खिळा कसा धरायचा हे तोंडी सांगत होते. त्यांना इतकं कसं ठाऊक, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

पावती तेवढा पाळकसाहेबांसमोर पांढराफटक पडून उभा होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडायचं, मिटायचं. शेवटी पाळकसाहेबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, "तुमच्याबद्दल माझा गैरसमज होता. मला क्षमा करा," म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. पावतीने पाकीट टेबलावर ठेवलं. पावतीसुद्धा मागितली नाही. पाचच मिनिटांनी दंतवैद्य छपरावरून उतरले आणि पत्र्यांच्या खर्चाचं म्हणून तेही तेवढंच जाड पाकीट ठेवून गेले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं, की बँक मला निवृत्तीनंतर एकदाही परत का बोलावत नाही.

रविवारी बिशपसाहेब आले. छपरावर नवे पत्रे अजून यायचे होते, पण कीड सापडली होती. मोरी वाहत होती. फरशी तर अशी चमकत होती, की पावलं टाकायला संकोच वाटावा. प्लंबर पुढे उभा राहिला. त्याला कागदावरचं काहीच दिसेना, म्हणून त्याने कागद खिशात घातला आणि लहानपणी आईने शिकवलेलं चार ओळींचं गीत सुरू केलं. त्याचा तो विहिरीतून आल्यासारखा आवाज आम्ही इतकी वर्षं नळाखाली वाया घालवला होता. चार ओळी संपल्या. पुढचं येत नव्हतं. मग त्याने त्याच परत म्हटल्या. तिसऱ्या वेळी बाईंनी साथ धरली, पाचव्या वेळी सगळं चर्च उभं होतं आणि मीही जीव तोडून गात होतो. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं, ते मी पुसलंही नाही.

बिशपसाहेबांनी उपासनेनंतर सगळी चौकशी केली. मोरी कुणी साफ केली, छपरावर कोण चढलं. उत्तरं ऐकून त्यांनी हातातली वही मिटली.

"माझ्या मोठ्या मंडळीत पाचशे माणसं बसतात आणि बारा जण काम करतात," ते म्हणाले. "इथे बसायला कुणी मोकळंच नाही. कुलूप कुणासाठी आणू?"

पाळकसाहेबांनी तिथेच डोळे पुसले. पावतीने दिलेल्या पैशांतून जुना ऑर्गन दुरुस्त करायचं ठरलं.

मी घरी आलो तो हवेतच. चुका झाल्या असतील, पण चर्च वाचलं ना? बायकोने चहा दिला आणि हातात बाजाराची यादी ठेवली. साखर, साबण, वांगी, फरशी पुसायचं औषध मोठी बाटली.

मी यादी बघितली. मग खिशातली चिठ्ठी काढून शेजारी ठेवली. 'फरशी' दोन्हीकडे होती. तोच झुकलेला फ, तीच घाईने ओढलेली रेघ. छत्तीस वर्षं रोज हे अक्षर वाचून मी भाजी आणली होती.

"तू दर शनिवारी बहिणीकडे जातेस ना?" मी विचारलं.

"ती चर्चच्या वाटेवरच राहते," ती म्हणाली. "चहा घ्या, निवेल."

तेव्हापासून गीतं सुरू झाली की मी बाहेर दारापाशी उभा राहतो आणि उशिरा येणाऱ्यांच्या छत्र्या सांभाळतो. बायको म्हणते, मंडळीला एवढं मोठं दान आजवर कुणीच दिलेलं नाही. ते वेळेत धरायचं, हुन्नरात की पैशांत, हे मात्र ती सांगत नाही.