लाल टोपण बाबाला

मी घाबरत नाही. ही फुशारकी नाही, मला पगारच त्याचा मिळतो! एका बिस्किटांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. भोंगा वाजला की सातशे माणसांना न धावता, न ढकलता, ओळीनं मैदानात आणून उभं करायचं हे माझं काम. ‘घाबरायचं नाही, यादी करायची’ ही पाटी मी स्वतः रंगवून कँटीनच्या भिंतीवर लावली आहे. त्यामुळे आमच्या तीन वर्षांच्या भिंगरीच्या चार दाढा किडल्याचं निघालं आणि त्या दुरुस्त करायला तिला गुंगीचं औषध द्यावं लागणार असं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "तू अजिबात काळजी करू नकोस. सगळं माझ्यावर सोड!"

"मी काळजी करतच नाहीये," बायको म्हणाली. "डॉक्टरबाईंनी नीट समजावलंय की."

"तेच म्हणतो मी! निर्धास्त माणसंच आधी घसरतात!"

डॉक्टरबाईंनी खरंच नीट समजावलं होतं. एवढंसं पोर तासभर तोंड उघडून बसणार नाही, म्हणून तोंडावाटे थोडं गुंगीचं औषध द्यायचं. वीसेक मिनिटांत पेंग येईल, श्वास तिचा तीच घेत राहील, आणि भूलतज्ज्ञ शेजारून हलणार नाहीत. फक्त पोट रिकामं हवं. इतकं स्पष्ट सांगूनही मी एकतीस प्रश्न काढले.

"वीज गेली तर?"

"जनरेटर आहे."

"जनरेटर बंद पडला तर?"

"बॅटरी आहे."

"बॅटरी उतरली तर?"

"अहो, तुमच्या कारखान्यात बनतं तरी काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"क्रीमची बिस्किटं," मी अभिमानानं म्हणालो.

त्यांनी एकदा भिंगरीच्या दाढांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

आता आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. भिंगरीच्या तोंडात काहीही जायचं असेल तर ते आधी माझ्या तोंडात जावं लागतं. दूध असो, सूप असो, बिस्किट असो. ती बोट दाखवून म्हणते, "आधी बाबा!" मग मी एक घास घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, "हं! मस्त!" त्यानंतरच तिचं तोंड उघडतं. हा नियम औषधालाही लागू आहे. गेल्या वर्षी तिला खोकला झाला तेव्हा दीड बाटली औषध मीच संपवलं. तिचा खोकला बरा झाला आणि मला मात्र आठवडाभर भूक लागली नाही.

आणखी एक. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी भिंगरीनं मला विचारलं होतं, "बाबा, मी झोपले की तू घरी जाशील?" प्रश्न विचारताना ती मोज्यातून अंगठा बाहेर काढण्यात गुंतली होती. मी म्हणालो, "छे! तू डोळे उघडशील ना, तेव्हा तुझा हात माझ्या हातात असेल. आणि मी टक्क जागा असेन!"

"टक्क?"

"टक्क!"

खरं सांगतो, तेव्हा मी घाबरलो. पण मी लगेच यादी करायला बसलो.

यादीतलं पहिलं कलम उपाशी राहण्याचं होतं. पोर उपाशी असताना आपण तिच्यासमोर खायचं? शक्यच नाही! सगळं घर उपाशी राहील, असं मी जाहीर केलं. शिवाय सराव हवा म्हणून मी आदल्या दुपारपासूनच अन्न सोडलं. फ्रिजला कारखान्यातली लाल-पांढरी धोक्याची पट्टी चार वेळा गुंडाळली. बायकोनं कात्रीनं ती कापली, दूध काढलं आणि निवांत चहा करून घेतला. पट्टीचा उरलेला तुकडा भिंगरीनं बाहुलीला नेसवला. आधीच्या दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण ही गोष्ट मी यादीत लिहिली नाही.

दवाखान्यात आम्ही दीड तास आधी पोचलो. दार उघडणाऱ्या सिस्टरसुद्धा आमच्यानंतर आल्या. चांगल्या दणकट, चष्मा कपाळावर चढवलेल्या. मी त्यांना बाजूला घेऊन ‘आधी बाबा’चा नियम सांगितला. त्या जराही चकित झाल्या नाहीत.

"असतात हो असली घरं," त्या म्हणाल्या. "मी दोन पिचकाऱ्या भरते. बिनसुईच्या. लाल टोपणाच्या पिचकारीत औषध, ते बाळाला. निळ्या टोपणात साधं पाणी, ते तुम्हाला. तुम्ही फक्त चेहरा हसरा ठेवा."

"निळं माझं, लाल तिचं," मी तीनदा घोकलं.

सिस्टर ट्रे घेऊन आल्या. भिंगरीनं दोन्ही पिचकाऱ्यांकडे निरखून पाहिलं आणि फर्मान काढलं, "लाल बाबाला! मला निळं!"

"अगं, लाल किती छान आहे!" मी म्हणालो.

"छान आहे ना? मग तुला!"

त्याच क्षणी तिला शिंक आली. मी रुमाल काढला, तिचं नाक पुसलं, वळून रुमाल पिशवीत टाकला. परत वळलो तर सिस्टर म्हणाल्या, "बाबा, आ करा!" मी आ केला. आ केल्यावर मला दिसलं की त्यांच्या हातातलं टोपण लाल आहे! पण तोवर पिचकारी गालात रिकामी झाली होती!

"आता ‘हं! मस्त!’ म्हणा," सिस्टर म्हणाल्या.

"हं," मी म्हणालो. "म... स्त."

भिंगरीनं निळ्या टोपणाची पिचकारी गटकन घेतली आणि ती बाहेरच्या खोलीत हत्तीच्या घसरगुंडीकडे पळाली.

मी तिच्यामागून जाऊन तिथल्या खुर्चीवर बसलो. खुर्ची लहान मुलांची होती, गुडघे हनुवटीला लागले. जिभेवर कडू चव होती. पाण्याला कधी कडू चव असते? म्हणजे सरळ होतं, गुंगीचं औषध माझ्या पोटात गेलं होतं! ओरडावं तर भिंगरी बिथरणार आणि पुन्हा महिनाभर तोंड उघडणार नाही. घाबरायचं नाही. यादी करायची. लक्षण पहिलं: जांभई. ती लगेचच आली, कान दुखतील एवढी मोठी! लक्षण दुसरं: पापण्या जड. झाल्या! आणि भिंगरी? भिंगरी घसरगुंडीवरून उलटी घसरत होती. यापेक्षा मोठा पुरावा तो कुठला?

"ऐक," मी बायकोच्या कानात म्हणालो. "अदलाबदल झालीय. तिचं औषध मी प्यायलोय."

"काहीतरीच काय!"

"हळू बोल! माझ्याकडे वेळ कमी आहे. गॅसची किल्ली बंद केलीय. विम्याचे कागद कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात."

"अरे, तू सिस्टरना विचार ना!"

मी विचारायला उठलो. खुर्चीही माझ्याबरोबर उठली! तिचे दोन्ही हात माझ्या कमरेला घट्ट बसले होते. बायकोनं ओढलं, समोरच्या एका आजोबांनी ओढलं, शेवटी मी खुर्चीसकट पुन्हा खाली बसलो. डोळ्यांपुढे बायकोचे दोन चेहरे दिसायला लागले. दोन्ही वैतागलेले होते. आता काही खरं नाही, असं मला वाटलं आणि मी मन मोकळं केलं.

"तुझा तो पक्ष्यांचा कप," मी म्हणालो. "त्याचा कान भिंगरीनं नाही मोडला. मी मोडला. फ्रिजवर बिस्किटं लपवताना."

"काय?" बायको ओरडली. "आणि मी त्या पोरीला ओरडले! तू तिथं उभा होतास आणि मान हलवत होतास!"

"बाबानं कप फोडला!" घसरगुंडीवरून घोषणा झाली. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली.

"मी... टक्क... जागा..." एवढं मी बोललो, असं बायको सांगते. मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा माझं बोट कुणीतरी घट्ट धरलं होतं. मी डोळे उघडले. आतल्या खोलीतल्या खाटेवर भिंगरी बायकोच्या मांडीवर रेलून बसली होती, केस विस्कटलेले, एक डोळा अर्धा मिटलेला. मी खाटेलगत होतो, अजून त्याच खुर्चीत. मला तसंच उचलून आत आणलं होतं म्हणे! भिंगरीच्या मुठीत माझं बोट होतं.

"बाबा उठला," ती जड जिभेनं म्हणाली. "घाबलू नको. झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टक्क जागं राहायचं मी कबूल केलं होतं, आणि हात धरून माझी वाट बघत बसली होती ती! मी तिच्या मुठीवर तोंड टेकवलं. चारही दाढा नीट झाल्या होत्या. ती पंधराव्या मिनिटाला पेंगली, शांतपणे झोपली आणि वेळेवर उठली, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

"पण तिचं औषध तर मी प्यायलो!" मी म्हणालो.

सिस्टरनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "तुम्ही नाक पुसत होतात ना, तेव्हा मी टोपणं बदलली. नुसती टोपणं! पिचकाऱ्या जिथल्या तिथं होत्या. तुमच्या पोटात चमचाभर पाणी गेलं, बाकी काही नाही."

"आणि ती कडू चव?"

"किती वेळ उपाशी होतात?"

"चोवीस तास," मी म्हणालो.

"आणि झोप?" हे बायकोनं विचारलं. "दोन रात्री नाही," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

"म्हणजे कपाचं सगळं तू साध्या पाण्यावर कबूल केलंस!" ती म्हणाली, आणि हसायला लागली ती थांबेचना. मी मात्र फार वेळ हसू शकलो नाही, कारण डॉक्टरबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुम्ही बाहेर झोपला होतात तेव्हा तोंड सताड उघडं होतं," त्या म्हणाल्या. "मला बघावंच लागलं नाही, दिसलंच. लेकीच्या चार दाढा होत्या, तुमच्या पाच आहेत."

तिनं खाल्लेलं प्रत्येक बिस्किट आधी मी खाल्लं होतं, त्याला आता काय करणार!

"मलाही ते गुंगीचं औषध मिळेल का?" मी हळूच विचारलं.

"तुम्हाला कशाला? तुम्हाला पाणी पुरतं!"

पुढच्या बुधवारी माझ्या दाढांसाठी आम्ही पुन्हा गेलो. मोठ्या खुर्चीवर बसलो आणि माझा जबडा जो मिटला तो उघडेचना. डॉक्टरबाईंनी विनवलं, बायकोनं दटावलं. मग भिंगरी माझ्या मांडीवर चढली. "आधी मी!" म्हणाली, आणि तिनं मोठा आ केला. डॉक्टरबाईंनी आरसा घालून तिच्या दाढा मोजल्या. भिंगरीनं डोळे मिटले आणि ती म्हणाली, "हं! मस्त! आता बाबा."

मी निमूटपणे तोंड उघडलं. एक डोळा तेवढा सिस्टरच्या ट्रेवर ठेवला होता, लाल टोपण कुठं दिसतंय का म्हणून.