चार टक्के मी

अंकात माझा फोटो असावा की नसावा, हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं. तो दिसावा की नाही, एवढंच हातात होतं. मी ठरवलं, दिसू नये. पुढचं सगळं त्यातून झालं.

शाळेच्या वार्षिक अंकाची पानं मी घरच्या कॉम्प्युटरवर लावत होते. हे काम मला मिळालं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. पण बाईंनी बजावलं, "शेवटच्या पानावर संपादिकेचा फोटो हवाच."

माझा एकटीचा असा एकच फोटो आहे. (बाकी सगळ्यांत मी कुणाच्या तरी खांद्यामागे असते.) माझी दाढ दुखत होती तेव्हा डॉक्टरांना पाठवायला बाबांनी तो काढला होता. त्यात मी 'आ' केलेला आहे, आणि फोटो इतका स्पष्ट आहे की पडजीभसुद्धा ओळखू येते. मी तो पानभर मोठा केला, संपादक मंडळाच्या नावांमागे ठेवला आणि त्याचा ठळकपणा चार टक्क्यांवर आणला. आता तो फोटो नव्हता, कागदावरचा डाग होता. बाईंचा शब्दही राखला आणि माझी अब्रूही.

शुक्रवारी दुपारी प्रेसवाल्या काकांचा फोन आला.

"फाइल पाचपर्यंत पाठव. साडेपाचला छपाईच्या प्लेटा करायला घेतोय. आणि ट्रान्सपरन्सी सपाट करून पाठव हं, आमचं मशीन जुनं आहे."

"हो, काका."

"कळलं ना?"

"हो, काका."

मला काहीही कळलं नव्हतं. पण 'म्हणजे काय?' हे दोन शब्द अनोळखी माणसाला विचारण्यापेक्षा मी दोन मजले चढून-उतरून येईन.

मी बाबांना विचारलं. बाबा ऑफिसात आवक-जावक बघतात आणि न येणाऱ्या विषयांतही त्यांना मत असतं.

"सोप्पं आहे! मशीनला फिकं चालत नाही. मग फिकं ठेवूच नकोस. सगळं शंभर टक्के करून टाक."

"सगळं?"

"सगळं. आणि दर पानाला सेव्ह कर. माझा अनुभव आहे."

मी चोवीस पानं शंभर टक्के केली, दर पानाला सेव्ह केलं, पीडीएफ काढली. कॉम्प्युटरनं एकदाही चूक दाखवली नाही. "बघ!" बाबा म्हणाले. पाचला दहा कमी असताना फाइल गेली.

तेवढ्यात आई हात पुसत आली. "दाखव तरी आम्हाला."

पहिल्या पानावर मुख्याध्यापिकांच्या मनोगतामागे शाळेची पुसट इमारत होती. आता समोर नुसती इमारत होती आणि मनोगत तिच्या काळ्या खिडक्यांत बुडालं होतं. मी पानं भराभरा पुढे सरकवली. शेवटच्या पानावर आई दचकून मागे सरकली.

"अगं बाई! हे काय आहे?"

"मी आहे," मी म्हणाले.

संपादक मंडळाची नावं माझ्या खालच्या दातांवर ओळीनं बसली होती. सहाशे प्रती निघणार होत्या.

"मी फोन करतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही काही करू नका," आई म्हणाली. "तुमच्याच अनुभवानं ही वेळ आलीय. फाइल तिची आहे, तीच बोलेल."

पहिल्यांदा फोन लागला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा काकांनी उचलला आणि मी फोन आईकडे सरकवला. आईनं चिमटा काढला.

"काका, ती फाइल नको! चुकलीय. सपाट म्हणजे काय?"

"मघाशी हो म्हणालीस ना?"

"हो, काका."

काका हसले. मग त्यांनी नीट सांगितलं. फिकं आहे ते फिकंच ठेवायचं. पीडीएफ काढताना जुना प्रकार निवडायचा, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर प्रोग्रॅमच एकजीव करतो आणि मशीन गोंधळत नाही. एवढंच होतं.

"साडेपाचच्या आत पाठव. मग थांबणार नाही."

दर पानाला सेव्ह केल्यामुळे मागे जायची वाट बंद होती. पण सगळे जुने आकडे मी वहीत टिपून ठेवले होते. बाबा वाचू लागले, मी बदलू लागले, आई घड्याळापाशी उभी राहिली.

"इमारत, बारा."

"झालं."

"मैदान, वीस."

"हळू वाचा! मैदान किती?"

"वीस! शेवटचं पान… चार?"

"चार टक्के?" आई वळली. "स्वतःचा फोटो? अगं, उरलेले शहाण्णव टक्के कुठे घातलेस?"

पाच पंचवीस झाले होते.

पाच अठ्ठावीसला दुसरी फाइल गेली. मी स्वतःहून फोन केला. (आयुष्यात पहिल्यांदा.)

"काका, मिळाली? आणि ते शेवटचं पान… म्हणजे तिथला तो फोटो… तो जरा…"

"काय जरा?"

"तो… नीट बघाल ना?"

"बघतो की! निश्चिंत राहा, बाळ."

मी निश्चिंत राहिले.

सोमवारी अंक आले. मनोगत स्वच्छ, इमारत पुसट, सगळं जागच्या जागी. शेवटचं पान उलटलं आणि मी स्वतःच्या घशात बघितलं. सोबत काकांची चिठ्ठी होती: 'दुसऱ्या फायलीत तुझा फोटो अगदीच उडाला होता. तू आठवणीनं सांगितलंस म्हणून लक्षात आलं. ते पान पहिल्या फायलीतलं लावलं.'

अंकात दाताच्या डॉक्टरांची जाहिरात होती, म्हणून एक प्रत त्यांच्याकडेही गेली. संध्याकाळी त्यांचा बाबांना फोन आला. शेजारची दाढही किडलीय म्हणाले, घेऊन या.

आम्ही गेलो. शेवटचं पान त्यांनी बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलं होतं. मी त्याच्याच खाली मान घालून, तोंड घट्ट मिटून बसले. तासाभरात कुणीही मला ओळखलं नाही. मग डॉक्टरांनी आत बोलावलं आणि दार उघडं ठेवूनच म्हणाले, "आ कर."

बाहेरून एक आजोबा ओरडले, "अरे, ही तर तीच!"